नाकातोंडात पाणी

दसऱ्याच्या दिवशी कन्हानच्या पुलावरून झेंडूच्या हाराशिवाय जाणारी गाडी सापडणे कठीण. कोळशाच्या ट्रकला हार, ट्रॅक्टरला हार, दूधवाल्याच्या फटफटीला हार, आणि जिची किंमत ऐकून माझ्यासारख्याला ठसका लागतो त्या आलिशान मोटारीलाही हार. फरक एवढाच की ट्रकवाला हार काचेच्या वरच्या बाजूला बांधतो आणि आलिशान मोटारीचे मालक तो पुढच्या जाळीवर घट्ट आवळतात. त्या जाळीतून गाडी श्वास घेते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जिची पूजा करायची तिचेच नाक दाबायचे, अशातला हा प्रकार!

वर्षभर या सदरात मी एका वेळी एकाच बिघाडाची गोष्ट सांगतो, कारण संपादक पानभराहून जास्त जागा देत नाहीत. दिवाळीत मात्र फराळाप्रमाणे पानेही सढळ हाताने वाढली जातात. तेव्हा यंदा जरा ऐसपैस बसू या. वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. कोणी शेजाऱ्याच्या गाडीबद्दल विचारतो, कोणी जावयाच्या, पण रोख एकच : ‘साठ-सत्तर लाखांची गाडी रस्त्यात बंद पडतेच कशी?’

उत्तर सोपे आहे. गाडीला आपली किंमत माहीत नसते. तिला हवा लागते, इंधन लागते आणि पेट्रोलची गाडी असेल तर ठिणगी लागते. या तिघांपैकी एकाने दगा दिला की साठ लाखांची गाडी आणि साठ हजारांची फटफटी रस्त्याच्या कडेला सारख्याच उभ्या राहतात. दुसरे उत्तर मात्र इतके सोपे नाही. गाडी का बंद पडली याचा दोष कोणाच्या माथी मारायचा, हा तो प्रश्न. त्यासाठीच आज ही दोन गाड्यांची हकिकत सांगायला बसलो आहे. एक १९७४ सालची, दुसरी गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली. दोन्ही आमच्याच गॅरेजसमोर घडलेल्या.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले, कामठी ओलांडली, की कन्हान नदी येते. सातपुड्यातून येणारी ही नदी. नागपूरकरांच्या घरातल्या नळाला येणाऱ्या पाण्यात तिचा मोठा वाटा आहे. इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा जुना पूल आणि त्याच्या शेजारचा नवा पूल ओलांडला की आमचे गाव. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला रामटेककडे फुटणारी रेल्वे. रामटेकला दर्शनाला जाणारे, पेंचच्या जंगलात वाघ बघायला जाणारे, जबलपूरचे व्यापारी, मनसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीवाले, सगळे या वाटेने जात आले. म्हणून गॅरेज लहान असले तरी इथल्या ओट्यावर बसून मी गेल्या पन्नास वर्षांत तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या बंद पडलेल्या पाहिल्या.

१९७४ चा मे महिना. मी सोळा वर्षांचा, उस्तादांच्या हाताखाली पाने आणि पकडी देणारा पोऱ्या. नागपूरकडचा मे म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून समजायचे नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अशा एका दुपारी पुलाच्या तोंडाशी एक लांबलचक अमेरिकन मोटार उभी राहिली. आठ सिलिंडरांचे इंजिन, बसायला दिवाणखान्यातल्यासारखी गादी. मालक खाणीवाले. त्यांच्या खाणीचे सगळे ट्रक आमच्याच गॅरेजात येत. गाडीचा ड्रायव्हर चाळिशीचा, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी.

मालक उतरले ते तापूनच. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले होते आणि आपल्याकडे पेट्रोलचे भाव भडकले होते. पेट्रोलात रॉकेल मिसळण्याचा धंदा तेव्हा बोकाळला होता. मालकांनी सरळ आरोप केला. “या माणसानं टाकीतलं पेट्रोल विकलं आणि रॉकेल भरलं. म्हणून गाडी धक्के देऊन बंद पडली. काय उस्ताद, खरं की नाही?”

ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, “साहेब, देवाशपथ सांगतो, मी थेंबाले हात नाही लावला. उन्हानं गाडी तापली, दुसरं काही नाही.”

उस्तादांनी मला खूण केली आणि मी कार्ब्युरेटरच्या नळीतून थोडे पेट्रोल वाटीत घेतले. रॉकेलची परीक्षा आम्हाला ठाऊक होती. पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा. पेट्रोल शुद्ध असेल तर उडून जाते आणि कागद कोरा राहतो. रॉकेल असेल तर तेलकट डाग मागे राहतो. मी थेंब टाकला. त्या उन्हात तो क्षणात उडाला. कागद कोरा. मी तोंड उघडणार एवढ्यात उस्तादांनी माझ्याकडे असे पाहिले की माझे शब्द घशातच राहिले. मग ते मालकांकडे वळले आणि खाली मान घालून म्हणाले, “हो सकता है, सेठ.”

एवढेच! ‘असेल’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ म्हणाले नाहीत. मालकांनी ड्रायव्हरला तिथल्या तिथे कामावरून काढले आणि मागून आलेल्या आपल्या जीपमध्ये बसून ते निघून गेले. ड्रायव्हरने डबा आणि कापडी पिशवी घेतली व तो उन्हातच पुलावरून कामठीच्या दिशेने चालू लागला. अर्ध्या तासाने उस्तादांनी इंजिनाच्या कुशीला असलेल्या पेट्रोल पंपावर ओला फडका गुंडाळला, त्यावर तांब्याभर पाणी ओतले, आणि किल्ली फिरवताच ती मोटार मांजरीसारखी गुरगुरू लागली.

वाचकहो, त्या गाडीला काय झाले होते ते आता सांगतो. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, हलक्या-जड अनेक द्रवांचे ते मिश्रण असते. त्यातले अगदी हलके भाग ३५-४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतात. त्या काळच्या गाड्यांत टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाला चिकटून असे. इंजिनाच्या धगीने पंप तापे. शिवाय तो पेट्रोल मागून ओढून घेई, आणि ओढल्याने नळीतला दाब कमी होई. दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो पण पाण्याला उकळी लवकर येते, तसेच हे. नळीत पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे भरले की पंप बिचारा वाफच ढकलत राहतो आणि इंजिन उपाशी मरते. याला आम्ही ‘एअर आली’ म्हणायचो. खरे तर ती हवा नसे, वाफ असे. उपाय फडक्याचा. ॲम्बॅसिडर आणि फियाटवाल्या जुन्या मंडळींना हा फडका आठवत असेल. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना पाण्याचा फिरकीचा तांब्या घरच्यांसाठी आणि ओला फडका गाडीसाठी, असा सरंजाम असे.

पुढे कारखानदारांनी यावर कायमचा तोडगा काढला. पंप उचलून थेट टाकीत, पेट्रोलात बुडवून ठेवला आणि तो विजेवर चालवला. आता पेट्रोल ओढले जात नाही, मागून ढकलले जाते. दाब वाढला, वाफ धरणे जवळपास थांबले. पण संसारात एक कटकट मिटली की दुसरी दारात उभी असते. टाकीतला हा पंप भोवतालच्या पेट्रोलानेच थंड राहतो. काटा लाल खुणेवर आणून ‘अजून तीस किलोमीटर जाईल’ असा हिशेब करणारे गृहस्थ त्या पंपाला कोरड्यात भाजत असतात. महिन्याकाठी चारशे रुपयांचे पेट्रोल उशिरा भरून काही वाचत नाही. पंप मात्र काही हजारांना पडतो, आणि आलिशान गाडीचा तर विचारूच नका.

महाग गाड्यांत याच्या पुढे दुसरा पंप असतो, उच्च दाबाचा. साध्या गाडीत पेट्रोल हवेबरोबर आत जाते. यांच्यात ते थेट सिलिंडरात फवारले जाते. त्यासाठी दाब लागतो तो वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट, काहींत साडेतीनशे पट. डिझेलच्या गाड्यांत तर दोन हजार पटींपर्यंत. एवढ्या दाबाला टिकणारे भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की त्यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या काही अंशाएवढी असते. तिथे धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब म्हणजे डोळ्यात गेलेला खडा. गाडी जितकी नाजूक खाणारी, तितके तिचे पथ्य कडक.

याचा अर्थ दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, त्या या उच्च दाबाच्या पंपापायीच. २०२० साली टोयोटा, तिच्याच लेक्सस या श्रीमंती गाड्या आणि होंडा यांच्यावरही अशीच पाळी आली. टाकीतल्या पंपात प्लॅस्टिकचे एक फिरते चाक असते. ते काही पंपांत पेट्रोल पिऊन फुगे आणि अडके. भारतातही होंडाने त्या जूनमध्ये ६५,६५१ गाड्यांचे पंप विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला मिळाला; त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. तेव्हा गाडी वारंवार बंद पडत असेल तर पैसे मोजण्यापूर्वी तिच्या चासी-नंबरावर कंपनीने काही दुरुस्ती जाहीर केली आहे का, एवढे विचारायला लाजू नये.

आता इथेनॉलचे. पेट्रोलात ५ टक्के मिसळण्यापासून २००३ साली सुरुवात झाली, २०२२ पर्यंत १० टक्क्यांवर आलो, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ साली ते सर्वत्र झाले. उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, परदेशी तेल कमी लागते, ही त्याची बाजू. दुसरी बाजू अशी की लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी, म्हणून हिशेबाने २० टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. जुन्या गाड्यांतल्या काही रबरी नळ्यांना आणि वॉशरांना ते मानवत नाही. आणि त्याला पाण्याची फार ओढ. थोडे पाणी ते आपल्यात विरघळवून घेते. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघे हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पंपाचे तोंडही तळाशीच! बंगल्यात सहा-सहा महिने झाकून ठेवलेल्या हौशी गाड्यांना हे जास्त बाधते. रोज धावणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल मुरायला वेळच मिळत नाही.

डिझेलही यातून सुटलेले नाही. २०२५ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या रतलामजवळ एकामागून एक बंद पडल्या. डिझेलात पाणी निघाले. मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यालाही जे चुकले नाही ते तुम्हा-आम्हाला कसे चुकेल?

आणि उंदीर! हसू नका. गाडीतल्या वायरी आणि नळ्या कुरतडण्याचा त्यांचा उद्योग मी दर हिवाळ्यात निस्तरतो. लाखांच्या गाडीचा संगणक गप्प होतो आणि कारण निघते दोन रुपयांची कुरतडलेली वायर. गणपतीच्या वाहनाने शेटजींचे वाहन खाल्ले. तक्रार कोणाकडे करावी?

आता दुसरी हकिकत. गेल्या वर्षीचा पावसाळा. दिवसभर झोडपून पाऊस थांबला होता. दिवेलागणीला एका ट्रॅक्टरने टोचन करून एक काळी आलिशान मोटार आमच्या दारात आणली. आत नागपूरचे एक कंत्राटदार, मागच्या आसनावर त्यांची आई, आणि चाकावर पन्नाशीचा ड्रायव्हर, अंगावरचे कपडे गुडघ्यापर्यंत चिंब. मंडळी रामटेकहून दर्शन करून परतत होती. कंत्राटदार मला परके नव्हते. त्यांचे अकरा डंपर आमच्याकडेच दुरुस्तीला येत. मुलाने गॅरेजात नवी लिफ्ट बसवली होती, तिचे बँकेचे हप्ते त्या डंपरांच्या जिवावर चालले होते.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “या बाबानं सकाळी कुठल्या तरी पंपावर पेट्रोल भरलं. पेट्रोलात पाणी निघालं. इंजिन बसलं. कंपनीत फोन केला तर आठ लाखांचा आकडा सांगून राहिले. तुम्ही फक्त लिहून द्या की पेट्रोलात पाणी आहे. मी पंपवाल्यालाही बघतो आणि याच्या पगारातूनही कापतो.”

ड्रायव्हर भिंतीशी उभा होता. तो एकच वाक्य बोलला, “साहेब, पंप नेहमीचाच होता जी.”

मी म्हटले, “लिहून देतो, पण आधी बघतो.” मुलाने बॉनेट उघडले. टाकीकडून येणाऱ्या नळीतून पेट्रोल काढून मी काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली बाकावर ठेवली. पाणी असेल तर ते खाली बसते आणि दोन थर वेगळे दिसतात. अर्धा तास गेला. बाटलीत एकच थर, नितळ. मग हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. कागदाचा फिल्टर भिजून लगदा झालेला, आणि डब्याच्या तळाशी ओंजळभर गढूळ पाणी, त्यात एक बाभळीचे पान. प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवले, तर प्लगच्या भोकांतून तसलेच पाणी चिळकांडीने बाहेर आले. शेवटी एकेका सिलिंडरात सळई सोडून पिस्टन कुठवर चढतो ते मोजले. तिसऱ्यातला पिस्टन बाकीच्यांपेक्षा तीन-चार मिलिमीटर खालीच थांबत होता. म्हणजे त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला होता.

इंजिनात पाणी शिरले की काय होते हे २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरच्या शेकडो घरांनी पाहिले. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत घुसली आणि तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात बुडाल्या. पेट्रोल इंजिनाचा पिस्टन हवा दाबून तिचा दहावा-अकरावा हिस्सा करतो, हवा दबते. पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि मध्ये सापडलेला पोलादी रॉड उसाच्या कांडीसारखा वाकतो. बंद गाडी नुसती बुडाली तर इंजिन बहुधा वाचते. त्याचा घात होतो तो ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून बटण दाबल्याने.

मी हात पुसले. मुलगा माझ्याकडे पाहत होता. तो काही बोलला नाही, पण त्याच्या डोळ्यांत मला लिफ्ट दिसत होती, हप्ता दिसत होता. आणि मला एकदम तो मे महिना आठवला, कोरा कागद आठवला, उस्तादांची खाली गेलेली मान आठवली. इतकी वर्षे मी उस्तादांना मनातल्या मनात दोष देत आलो होतो. त्यांच्या जागी उभे राहिल्यावर कळले की ती मान किती जड असते.

“साहेब,” मी म्हटले, “पेट्रोल स्वच्छ आहे. गाडीच्या पोटात पाणी तोंडानं नाही गेलं, नाकानं गेलं. ही गाडी पाण्यात घातली गेली होती. आणि एकदा बंद पडल्यावर पुन्हा सुरू केली गेली. हे मी लिहून देतो. दुसरं काही लिहिता यायचं नाही.”

कंत्राटदारांचा चेहरा बदलला. “तुमचं हे गॅरेज केवढं, मिस्त्री, आणि ही गाडी केवढ्याची? तुम्हाला काय कळतं यातलं? आणि पाण्यात घातली असेल तर यानंच घातली!”

ड्रायव्हर खाली पाहत राहिला. तेवढ्यात मागच्या आसनावरून आजींनी काच खाली केली. एवढा वेळ त्या प्रसादाची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या.

“असं काय बोलतोस रे?” त्या म्हणाल्या. “रेल्वेच्या पुलाखाली पाणी पाहून यानं गाडी थांबवली होती. ‘साहेब, मागं फिरू’ म्हणाला. तूच म्हणालास, ‘चल, मोठी गाडी आहे, काही होत नाही.’ मधोमध बंद पडली, तेव्हा तो म्हणत होता, ‘आता हात लावू नका.’ बटण तूच दाबलंस. खाडकन् आवाज झाला तो मी इथं ऐकला. रामाचं दर्शन घेऊन येऊन राहिलो ना आपण?”

कोणी काही बोलले नाही. नळातून पाणी ठिबकत होते तेवढाच आवाज. थोड्या वेळाने कंपनीची उचलून नेणारी गाडी आली. मी कागदावर काय पाहिले ते लिहिले आणि सही करून दिले. कंत्राटदारांनी तो कागद घडी करून खिशात घातला, माझ्याकडे न बघता. ड्रायव्हर आजींना हात धरून दुसऱ्या मोटारीत बसवायला गेला.

पुढची हकिकत वाचकांना गोड वाटावी म्हणून खोटी सांगणार नाही. ड्रायव्हरची नोकरी राहिली. आजींनी ती राहू दिली असे म्हणणे जास्त खरे. त्याच्या पगारातून काही कापले गेले नाही. पण अकरा डंपर दुसऱ्या महिन्यापासून आमच्याकडे येईनासे झाले, ते अजून आलेले नाहीत. मुलाने दोन हप्ते उशिरा भरले. त्या रात्री जेवताना तो एवढेच म्हणाला, “बाबा, थोडं सावरून बोलता आलं असतं.” मी त्याला १९७४ ची गोष्ट तेव्हा प्रथमच सांगितली. ऐकून तो उठला, बाहेर जाऊन गॅरेजचे शटर लावून आला आणि म्हणाला, “होईल हप्त्याचं.” त्यानंतर आम्ही तो विषय काढलेला नाही.

आता निरोप घेण्यापूर्वी मिस्त्रीचे चार शब्द पदरात बांधून घ्या. टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नका. पेट्रोलाची शंका आली तर पंपावर फिल्टर कागद मागा. तो ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि परीक्षा मी सांगितली तीच आहे. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरले गेले तर किल्लीला हातही लावू नका. डिझेल पंपाला वंगण देते, पेट्रोल ते वंगण धुऊन टाकते, आणि नुसती किल्ली फिरवली तरी टाकीतला पंप ते पुढे ढकलू लागतो. टाकी रिकामी करून घेणे शेकड्यांत किंवा हजारांत भागते, पंप आणि इंजेक्टर लाखांत जातात. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल मुरत ठेवू नका. पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर दिसले तर मागे फिरा. आलिशान गाडीचे नाक अनेकदा ट्रकच्या नाकापेक्षा पुष्कळ खाली असते. आणि पाण्यात बंद पडली तर बटण दाबू नका, ढकलून बाहेर काढा. साध्या विम्यात असे वाकलेले इंजिन बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि ते घेतले असले तरी बुडालेली गाडी मुद्दाम सुरू केली होती का, हे विमावाले विचारतातच. हार घालायचा तर बॉनेटवर घाला, जाळीवर नको.

शेवटचे एक. १९७४ सालच्या त्या ड्रायव्हरचे नाव मी विचारलेच नव्हते. पुढे स्वतःचे गॅरेज झाल्यावर कामठीत, नागपुरात पांढऱ्या टोपीच्या कितीतरी जुन्या ड्रायव्हरांकडे चौकशी केली. पत्ता लागला नाही. त्याला सांगायचे होते की कागद कोरा होता.

म्हणून या दिवाळीत गाडीला ओवाळाल तेव्हा ती चालवणाऱ्यालाही आत बोलवा आणि फराळाचे पहिले ताट त्याच्यापुढे ठेवा. आणि उद्या गाडी बंद पडली तर त्याला आधी विचारा, “काय झालं असेल?” तो बहुतेक वेळा खरे सांगतो.